वीस मिनिटांची लाल खूण

४ फेब्रुवारी

तीर्थरूप मामा,

नमस्कार. हे पत्र खुशालीचे नाही. घडले ते घडले त्याच क्रमाने लिहिते, कारण गेले दहा दिवस आमच्या विभागात हीच हकीकत चार माणसे चार तऱ्हांनी सांगत आहेत, आणि त्यांतल्या तिघांनी त्या दिवशी घड्याळाकडे पाहिलेसुद्धा नव्हते.

२५ जानेवारी, सोमवार. छापखान्यात प्रुफे तपासणारे एक गृहस्थ, वय एकसष्ट, हृदयाची झडप बदलण्यासाठी टेबलावर. ऑपरेशन करणारे तुमचे शिष्य, धाकटे सर. हार्ट-लंग मशीनवर मी. नऊ वाजून दोन मिनिटांनी हृदयाचे आणि फुप्फुसांचे काम माझ्या यंत्राकडे आले. यंत्रातल्या पाण्याने रक्त थंड करत करत शरीर अठ्ठावीस अंशांवर आणले. दहा वाजून चार मिनिटांनी नव्या झडपेची शिवण एका बाजूला सुटलेली दिसली; ती उसवून पुन्हा घालण्यात एकतीस मिनिटे गेली. दहा पन्नासला धाकटे सर म्हणाले, "गरम करा." मी भिंतीवरचा टायमर सुरू केला. तो तुम्हीच, इथे सर्जन असताना, बसवलेला आहे. वीस मिनिटांवर, रुग्ण गरम करण्याच्या मर्यादेवर, तुमच्या हाताने ओढलेली लाल खूण अजून तशीच आहे.

दहा सत्तावन्नला त्यांनी मूत्राशयातल्या तापमान मोजणाऱ्या प्रोबचा आकडा विचारला. मी एकोणतीस पॉइंट चार सांगितला. पुढचे बोलणे शब्दशः देते.

"पाणी बेचाळीसवर न्या."

"नाही सर. मेंदूकडे जाणारे रक्त आत्ताच तेहतीसवर आहे. पाणी बेचाळीस केले तर ते एकोणचाळीसपर्यंत जाईल."

"थोरल्या सरांची खूण दिसते ना समोर?"

"दिसते. त्या खुणेला थर्मामीटर नाही."

थिएटरमध्ये कोणीतरी हसले. भूलतज्ज्ञ बाईंनी आपला मास्क नीट केला. धाकट्या सरांनी आणखी दोनदा सांगितले, मी आणखी दोनदा नाही म्हटले. अकरा अठ्ठावीसला रुग्ण यंत्रावरून निघाला. गरम करायला अडतीस मिनिटे लागली. तुमच्या खुणेच्या पुढे अठरा.

त्या संध्याकाळी त्या गृहस्थांना एकोणचाळीस अंश ताप भरला, रक्तदाब घसरला, फुप्फुसांत पाणी झाले. चार दिवस व्हेंटिलेटर. आता ते घरी आहेत.

धाकट्या सरांची लेखी तक्रार अशी: मी आदेश मोडला, त्यामुळे रक्त अठरा मिनिटे जास्त यंत्राच्या नळ्यांत फिरले, त्यामुळे शरीरात दाह उसळला. २६ तारखेला तीन जणांची समिती बसणार आहे. मला यंत्रावरून कायमचे उठवावे, अशी मागणी आहे.

तक्रारीत तुमच्या वीस मिनिटांच्या नियमाचा उल्लेख पाच वेळा आहे. म्हणून तुम्ही समितीला दोन ओळी लिहाव्यात: हा नियम मी त्या काळच्या साधनांवरून केला, आज केला नसता. याहून अधिक मी मागत नाही.

मी बरी आहे. तुमची खुशाली कळवावी.

तुमची भाची


९ फेब्रुवारी

प्रिय मोजपट्टी,

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे पत्र आहे का पंचनामा?" मी म्हटलं, आपल्या पोरीचा पंचनामाही सुवाच्य असतो, हे बघ.

आता जरा माझं ऐक. तू यंत्रापाशी बसलीस तेव्हापासून यंत्रं शहाणी आहेत. आमच्या वेळी पंप म्हणजे रक्त दळायची गिरणी होती. तासभर झाला की लघवी लाल व्हायची, आणि पुढच्या प्रत्येक मिनिटाला आम्ही मनातल्या मनात माफी मागायचो. वीस मिनिटांची खूण मी ऐटीसाठी नाही ओढली. माणूस पंपावरून लवकर उतरला तर जगतो, एवढं एकच आम्हाला कळलं होतं, आणि त्यावर आम्ही दोन हजार माणसं घरी पाठवली. रक्त प्लास्टिकला लागलं की शरीर चवताळतं. सगळ्या अंगाला जखम झालीय असं समजून ते लढायला उठतं आणि आपल्याच फुप्फुसांना झोडपतं. तुझी अठरा मिनिटं त्यात नव्हतीच, असं मी कसं लिहू?

धाकट्याला तू भरल्या थिएटरात उत्तर दिलंस. तो माझ्या हाताखाली तयार झालाय. हट्टी आहे, पण खुनशी नाही. त्याच्या खोलीत जा, चहा घे, "सर, चुकलं" म्हण. दोन शब्दांनी तुझी उंची कमी होणार नाही. तशीही ती फार नाही.

बरं, एक विचारायचं होतं. तुझ्या पद्धतीने अठ्ठावीसवरून साडेछत्तीसला यायला नेहमी अडतीसच मिनिटं लागतात का? शेवटी रक्त किती अंशांवर ठेवतेस? वय सत्तरीच्या पुढे असेल तर काही बदल करतेस का? आणि दर गुरुवारी यंत्रावर कोण असतं, तूच की तो दुसरा, गाणी गुणगुणणारा? त्या प्रुफवाल्यांचं डोकं आता कसं चालतंय, तेही लिही.

आमची खुशाली ठीक. संध्याकाळचं फिरणं बंद केलंय. रस्ता खणून ठेवलाय.

मामा


१३ फेब्रुवारी

तीर्थरूप मामा,

तुमच्या प्रश्नांची उत्तरे आधी देते, म्हणजे ती ज्यांच्यासाठी मागितली आहेत त्यांच्यापर्यंत लवकर पोचतील.

अडतीस मिनिटे नेहमी लागत नाहीत. पस्तीस ते बेचाळीस लागतात. यंत्रातून शरीरात परत जाणारे रक्त मी कोणत्याही क्षणी सदतीसच्या वर जाऊ देत नाही. सत्तरीपुढच्या रुग्णाला आणखी सावकाश. गुरुवारी मी असते. मी नसले तर तो गुणगुणणारा असतो, आणि तो सांगितले तेवढे करतो. त्याचे गाणे मला खटकत नाही, आज्ञाधारकपणा खटकतो.

प्रुफे तपासणाऱ्या गृहस्थांनी नवव्या दिवशी पेन मागून घेतले आणि डिस्चार्जच्या कागदावरच्या तीन चुका दुरुस्त केल्या. त्यांतली एक औषधाच्या नावात होती. एका माणसावरून काहीही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे.

तुमच्या मुद्द्याला बगल देणार नाही. नळ्यांना लागलेल्या रक्तामुळे शरीर भडकते, आणि प्रत्येक मिनिटाने ते थोडे अधिक भडकते. माझ्या अठरा मिनिटांनीही भर घातली असणार. किती, ते मला माहीत नाही. मी समितीसमोर असेच सांगणार आहे. पण मग सुटलेल्या शिवणीच्या एकतीस मिनिटांनी किती भर घातली, हेही कोणी सांगावे. त्यासाठी समिती नेमलेली नाही.

घाईचे काय होते, तेही लिहिते, कारण तुमच्या पत्रात त्याविषयी एक अक्षर नाही. गरम रक्त मेंदूला सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त मिळते. मूत्राशयाला त्याची वार्ता पंधरा मिनिटे उशिरा लागते. आपला संपूर्ण विभाग वर्षानुवर्षे मूत्राशयातला आकडा पाहत आला. तो सदतीसला पोचेपर्यंत पाणी तापवत राहायचे, ही पद्धत. आणि तो सदतीसला पोचेपर्यंत मेंदू एकोणचाळीसच्या पुढे गेलेला असतो. आधीच चवताळलेल्या शरीरात तापलेला मेंदू. मग माणूस शुद्धीवर येतो आणि बायकोला ओळखायला दोन दिवस घेतो. आपण फाइलमध्ये "वयोमानानुसार गोंधळ" असे लिहितो. हे वाक्य मी गेल्या नऊ वर्षांच्या कागदांत शंभराहून अधिक वेळा वाचले आहे. अक्षर निरनिराळे, वाक्य तेच.

मी चहा घ्यायला जाणार नाही. "चुकले" हा शब्द मी जपून वापरते, कारण चुकले असेल तेव्हा तो मला लागतो.

एक स्पष्ट विचारते. धाकट्या सरांसाठी माझ्या कामातले कच्चे दुवे गोळा करण्याचे काम तुम्ही अंगावर घेतले आहे का? घेतले असेल तर निदान सांगून विचारा. तुमच्या बाजूने वार होईल असे समजून मी कधी चिलखत चढवले नव्हते.

तुमची भाची


१६ फेब्रुवारी

भाचीबाईंना,

मी कोणाचा हेर नाही. मी चौदा वर्षांचा मुलगा असल्यापासून कोणी माझ्याशी या सुरात बोललेलं नाही, आणि तेव्हा बोलणारी तुझी आजी होती.

समितीला पत्र लिहिणार नाही. कारण हवं असेल तर घे. मी तसं लिहिलं की तो कागद समितीच्या फाइलमध्ये राहत नाही. तो बाहेर जातो. माझ्या दोन हजार माणसांतली निम्मी तरी आज हयात आहेत. त्यांच्या बायका, मुलं तो वाचतील. ज्याचा बाप ऑपरेशननंतर चिडचिडा झाला, ज्याची आई हिशेब विसरायला लागली, त्या प्रत्येकाला वाटेल की हे त्या म्हाताऱ्या डॉक्टरने केलं. त्यातलं खरं किती, वयाने झालेलं किती, हे मी त्यांना कसं वेगळं काढून देऊ? तुझ्याकडे आकडे आहेत. माझ्याकडे चेहरे आहेत.

हा विषय माझ्यापुरता संपला.

मामा


२१ फेब्रुवारी

मोजपट्टी,

विषय संपला नाही. मामी चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही, आणि आज सकाळी म्हणाली, "तिला तुम्ही सांगता की मी सांगू?" म्हणून लिहितोय.

रस्ता खणलेला नाही. रस्ता गुळगुळीत आहे, मीच कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत पोचत नाही. जानेवारीत तपासण्या केल्या. महाधमनीची झडप दगडासारखी झालीय आणि दोन रक्तवाहिन्या बंद आहेत. धाकटा ऑपरेशन करणार आहे. ४ मार्च, गुरुवार. त्याच्या हाताबद्दल मला शंका नाही. शिवण सुटली तरी ती सुटलेली ओळखणारा तो माणूस आहे. तुला सांगू नका असं मीच सगळ्यांना बजावलं होतं. आता कळलं असेल, ते प्रश्न कोणासाठी होते.

आता मागणं ऐक. त्या दिवशी यंत्रावर तू बस. मला हळूहळू गरम कर. चाळीस मिनिटं लागू देत, पंचेचाळीस लागू देत. रक्त सदतीसच्या वर नेऊ नकोस. दाहाचं मी बघून घेईन. ताप भरला, फुप्फुसं भरली तर आठवडाभर पडून राहीन. पण डोकं शाबूत हवं. मला रोज सकाळचं शब्दकोडं सुटायला हवं, आणि मामी कोण आहे ते पहिल्या दिवशी कळायला हवं, नाहीतर ती मला पुढची दहा वर्षं ऐकवेल.

धाकट्याशी यावरून वाद घालू नकोस. तो पाणी वाढव म्हणाला तर सांग, हीटर आज हळू चालतोय. बस, एवढंच. कोणाला काही कळायची गरज नाही.

तू विचारशील, मला हे सगळं कधीपासून माहीत होतं. सांगतो. बुद्धिबळ शिकवणारे एक मास्तर होते, माझ्या पहिल्या पाचशेंतले. मुलांना एकाच वेळी सहा पटांवर खेळवायचे. ऑपरेशन उत्तम झालं, पंपावरून अठरा मिनिटांत गरम होऊन उतरले, मी सगळ्या थिएटरला पेढ्यासारखं कौतुक वाटलं. तीन महिन्यांनी दवाखान्यात आले. म्हणाले, "डॉक्टर, चौथ्या चालीपुढे पट दिसत नाही." मी म्हटलं, "मास्तर, वय झालं, विश्रांती घ्या." ते एकोणपन्नास वर्षांचे होते. ते "बरं" म्हणून उठले आणि जाताना खुर्ची नीट आत सरकवून गेले. मी रात्री त्यांचा कागद काढून बघितला. मूत्राशय सदतीस, व्यवस्थित लिहिलेलं. परत जाणारं रक्त किती होतं, ते कुठेच नव्हतं. कारण ते लिहायला मी कधी सांगितलंच नव्हतं. त्यानंतरही सांगितलं नाही.

हे फक्त तुला. पत्र वाचून झालं की फाडून टाक.

मामा


२३ फेब्रुवारी

तीर्थरूप मामा,

पत्र काल दुपारी मिळाले. फाडलेले नाही. वाचल्यावर मी अर्धा तास तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसले होते. हे समितीच्या कामाचे नाही, तुमच्या माहितीसाठी लिहिले.

मागच्या पत्रात तुमच्यावर हेरगिरीचा आरोप केला. तो चुकला. मागे घेते. बाकीचे पत्र कायम आहे.

आता तुमच्या मागण्याविषयी. हीटर दर सोमवारी मी स्वतः तपासते आणि खाली सही करते. तो हळू चालतो असे माझ्या तोंडून कोणाला ऐकू येणार नाही, तुमच्यासाठीसुद्धा नाही. एकदा तसे बोलले की माझा प्रत्येक आकडा त्या एका खोट्याच्या तोलाचा होईल, आणि धाकट्या सरांना समितीसुद्धा लागणार नाही.

तारखा पाहा. समिती २६ ला बसते, तुमचे ऑपरेशन ४ ला आहे. समितीने मला उठवले तर त्या गुरुवारी यंत्रावर मी नसेन, गुणगुणणारा असेल. धाकटे सर म्हणतील, "गरम करा." टायमर सुरू होईल. सातव्या मिनिटाला ते म्हणतील, "पाणी बेचाळीसवर न्या," आणि पाणी बेचाळीसवर जाईल. त्यांचे काही चुकणार नाही. ते तुमचा नियम तुमच्यावर पाळतील. ही धमकी नाही, मामा. मी उठून गेल्यावर त्या खोलीत जे घडेल त्याचे हे वर्णन आहे, आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

समितीने मला ठेवले तरी मी तुमच्या दिवशी बसावे की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. नात्यातल्या माणसाच्या टेबलापाशी हात थरथरतो असे म्हणतात. माझा थरथरणार नाही, पण माझ्या खात्रीवर कोणाचा मेंदू अवलंबून असू नये, तुमचाही नाही. यंत्रावर कोणीही बसो, रक्त सदतीसच्या पुढे जाता कामा नये, हा कागद भिंतीवर लागला पाहिजे. तुम्ही माझ्याकडे खासगीत जे मागितले, ते तुम्हाला मिळेल. मी जिवंत आहे तोवर मी ते मिळवून देईनच. पण ५ मार्चला त्याच टेबलावर एक रंगारी आहे, आणि सोमवारी शाळेतली एक लिपिक. त्यांना हीटरची सबब कोणी सुचवायची? यंत्रावर ज्यांची भाची नाही, त्यांनी काय करायचे?

तुम्ही म्हणता, माझ्याकडे आकडे आहेत आणि तुमच्याकडे चेहरे. मास्तरांचा चेहरा तुमच्याकडे आहे. त्यांचा आकडा कोणाकडेच नाही. तो हरवलेला नाही, मामा. तो विचारला गेला नाही. मला त्या दिवशीचे पेढ्यासारखे कौतुक वाटणारे थोरले सर नकोत. खुर्ची आत सरकवलेली पाहून कागद काढायला गेले ते हवेत. समितीला पत्र त्यांनी लिहायचे आहे.

दोन हजार घरांना काय वाटेल, ही तुमची भीती खरी आहे. त्यावर माझ्याकडे औषध नाही. काही जण रागावतील. काही जणांचा राग रास्त असेल. पण त्यांतल्या निदान एखाद्याला इतकी वर्षे वाटत आले असेल की बापाचा चिडचिडेपणा हा आपलाच दोष होता, आपणच त्यांना सांभाळायला कमी पडलो. त्याला निदान कळेल की तसे नसावे.

म्हणून माझे मागणे बदलले आहे. दोन ओळी आता पुरणार नाहीत. समितीला लिहा की वीस मिनिटांचा नियम चुकीच्या प्रोबवर उभा होता, हे तुमच्या लक्षात आले होते आणि तुम्ही तो बदलला नाहीत. लिहा की ४ मार्चला तुम्ही स्वतः त्या टेबलावर झोपणार आहात आणि स्वतःसाठी सावकाश गरम होणे मागत आहात. अठरा मिनिटांनी दाह वाढला असेल, तेही लिहा. ते मी खोडणार नाही. धाकट्या सरांना पत्राची प्रत पाठवा. ते हट्टी आहेत, पण तुमचे अक्षर ते उभ्याने वाचतात.

लिहायचे नसेल तर तसे मला कळवा, कारणासह. मग मी २६ तारखेला एकटी जाईन आणि मला जे ठाऊक आहे ते सांगेन. तुमचे पत्र मी कोणाला दाखवणार नाही. ते तुमचे आहे. ते दाखवायचे की नाही, हे ठरवण्याची जबाबदारी मी तुमच्या डोक्यावरून उतरवून घेणार नाही. ते डोके अजून पूर्ण शाबूत आहे.

मामींना सांगा, ३ तारखेला मी रजा घेऊन येते.

तुम्ही फोन कराल, हे मला ठाऊक आहे. फोनवर तुम्ही मला हसवाल आणि मी काय विचारले होते ते दोघेही विसरू. मी फोन उचलणार नाही. २५ तारखेच्या संध्याकाळपर्यंत उत्तर माझ्या हातात हवे: हो किंवा नाही, कागदावर, तुमच्या अक्षरात, खाली पूर्ण सही आणि तारीख.

तुमची भाची